क्षणाचा पहारा

सदर : व्यवसायधर्म



बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी एकसारखा होतो. अकोला, अमरावती, कारंजा, मूर्तिजापूर, परतवाडा अशा ठिकाणांहून पालक लिहितात. मुलीला विज्ञान शाखेत चांगले गुण आहेत, परंतु एमबीबीएसच्या प्रवेशापर्यंत पोहोचतील एवढे नाहीत. पुन्हा वर्षभर परीक्षेची तयारी करण्याची तिची इच्छा नाही. काम मात्र रुग्णालयातच करावयाचे आहे. आणि मग पत्राच्या शेवटी तो प्रश्न येतो : “तिला टेक्निशियन होऊ द्यावे का?”

या प्रश्नात अर्थार्जनाची काळजी कमी आणि संकोच अधिक असतो. वऱ्हाडातील आपल्या समाजाची घडण पेढी, अडत, सराफी आणि कापडाची दुकाने यांतून झाली. गादीवर बसणारा आणि गादीखाली सतरंजीवर बसणारा यांतील अंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्यामुळे डॉक्टर म्हणजे गादी आणि टेक्निशियन म्हणजे सतरंजी, असा हिशेब मनात नकळत मांडला जातो. तो कितपत खरा आहे, हे या वेळी एका विशिष्ट कामाच्या आधारे तपासून पाहू. हे काम हृदयाच्या विद्युत्-तपासणीच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे आहे. रुग्णालयाच्या बोलीत त्याला ‘ईपी लॅब टेक्निशियन’ म्हणतात.

हृदयातील वीज

हृदयात दोन व्यवस्था नांदतात. एक रक्तवाहिन्यांची आणि दुसरी विजेची. पहिलीशी आपला परिचय आहे. अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे शब्द आज घरोघरी बोलले जातात. दुसरी व्यवस्था मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथून प्रत्येक ठोक्यासाठी विजेची सूक्ष्म लहर निघते. ती वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका काळ, थांबते आणि मग एका बारीक तंतूवाटे खालच्या कप्प्यांत उतरते. मधला तो थांबा अत्यावश्यक असतो, कारण त्या अवधीत वरचे कप्पे आपले रक्त खाली रिते करतात.

हा मार्ग एका दिवसात उमगलेला नाही. खाली उतरणाऱ्या तंतूचे वर्णन विल्हेल्म हिस यांनी 1893 मध्ये केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधली गाठ जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी 1906 मध्ये दाखवून दिली, तर ठोका जेथे जन्मतो तो वरचा पुंजका कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये ओळखला. त्याच सुमारास विलेम आइंथोव्हेन यांनी शरीराच्या पृष्ठभागावरून ही वीज टिपणारे यंत्र सिद्ध केले. त्यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जगाला ईसीजी मिळाला.

ओलिताच्या शेतात पाण्याचा पाट आखून दिलेला असतो. कोठे उंदराच्या बिळाने बांध पोखरला, तर पाणी आडवाटेने शिरते आणि एकाच वाफ्यात गोल गोल फिरत राहते. हृदयातही काहींना जन्मतः अशी एखादी आडवाट असते. एरवी ती निमूट असते. परंतु एखादा ठोका वेळेआधी पडला की लहर त्या आडवाटेत शिरते आणि चक्रासारखी फिरू लागते. मग नाडी मिनिटाला 150 ते 220 पर्यंत धावते. छातीत धडधड होते, घशाशी ठोके जाणवतात, हातपाय गळतात, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. दहा मिनिटांनी किंवा तासाभराने, जसे सुरू झाले तसेच ते अचानक थांबते.

या विकाराचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो आणि येथेच घरातील दुःख सुरू होते. सून किंवा सासू “छातीत धडधडते” म्हणते, घाबरते, घामाघूम होते. डॉक्टरांकडे नेईपर्यंत सारे शांत झालेले असते. तेथे काढलेला ईसीजी बहुधा सरळ येतो. मग “मनाला फार लावून घेते”, “घाबरट आहे”, “सामायिकाला बसत जा, बरे वाटेल” असे सल्ले मिळतात. सामायिक अवश्य करावे. परंतु हृदयातील जादा वाट सामायिकाने बुजत नाही. अशा कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर अविश्वास ठेवून जगतात.

काचेपलीकडची खोली

प्रयोगशाळेत रुग्ण प्रायः जागाच असतो. जांघेजवळ भूल देऊन शिरेतून तारेसारख्या बारीक नळ्या हृदयापर्यंत नेल्या जातात. प्रत्येक नळीच्या टोकावर धातूची सूक्ष्म वलये असतात. एक नळी उजव्या वरच्या कप्प्यात, एक हिसच्या तंतूपाशी, एक हृदयाच्या मागील शिरेत आणि एक उजव्या खालच्या कप्प्यात, अशा चार ठिकाणांहून वीज एकाच वेळी टिपली जाते. नळ्या डॉक्टर बसवतात. त्यांतून येणारी वीज पडद्यावर वाचनीय करणे, मोजणे आणि राखणे हे तंत्रज्ञाचे काम.

त्याचा दिवस रुग्णापूर्वी सुरू होतो. शॉक देण्याचे यंत्र भारित होते का, ऑक्सिजन आणि सक्शन चालू आहेत का, हे तो प्रत्यक्ष करून पाहतो. रुग्णाच्या छातीवर आणि पाठीवर शॉकच्या पट्ट्या आधीच चिकटवल्या जातात, कारण गरज भासेल तेव्हा त्या शोधण्यास वेळ नसतो. पोटॅशियमचा अहवाल आला का, ठोके नियंत्रित करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे किती दिवसांपूर्वी बंद केली, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे सारे नोंदले जाते. आपल्या समाजातील रुग्णांनी येथे एक गोष्ट आठवणीने सांगावी. नुकतीच अठ्ठाई किंवा दीर्घ उपवास झाला असेल, पाणी अल्प घेतले असेल, तर ते लपवू नये. शरीरातील पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटले की हृदयाची वीज चंचल होऊ शकते. तपश्चर्या सांगणे म्हणजे तिचे प्रदर्शन करणे नव्हे. येथे ती वैद्यकीय माहिती आहे.

मग तारांची जोडणी. प्रत्येक वलयाची पिन ठरलेल्या छिद्रात गेली पाहिजे. एक पिन चुकली, तर पडद्यावर हृदयाचे खोटे चित्र उमटते आणि त्याच्या आधारे खरा निर्णय घेतला जातो. आपल्या घरातील वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. तिची कुजबुज या तारांत शिरली, तर हिसच्या तंतूचा चिमुकला संकेत तिच्यात बुडून जातो. म्हणून अर्थिंग तपासणे, तारा गुंतू न देणे, नको त्या लहरी गाळणे या गोष्टींत तंत्रज्ञाची निम्मी सकाळ जाते. साधा ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. येथे पडद्यावरील वेग 100 ते 200 मिलिमीटर ठेवतात. एरवी एका जाड रेघेत मिटून गेलेला काळ त्यामुळे उलगडून दिसतो.

या खोलीत वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजली जाते. हिसच्या तंतूपासून खालच्या कप्प्यापर्यंत लहर निरोगी हृदयात सुमारे 35 ते 55 मिलिसेकंदांत पोहोचते. तपासणी सुरू झाली की डॉक्टर सांगतात आणि तंत्रज्ञ यंत्रातून हृदयाला कृत्रिम ठोके देतो. 600 मिलिसेकंदांच्या अंतराने आठ ठोके, त्यानंतर नववा थोडा लवकर. पुढच्या फेरीत तो आणखी 10 मिलिसेकंद लवकर, त्यापुढे आणखी 10. प्रत्येक फेरीत लहर मधली गाठ ओलांडण्यास किती वेळ घेते, हे मोजायचे. हा वेळ हळूहळू वाढत जातो आणि एखाद्या फेरीत एकदम 50 मिलिसेकंदांहून अधिक उडी घेतो. ही उडी सांगते की लहरीने नेहमीची जलद वाट सोडून मंद आडवाट धरली. बहुधा त्याच सुमारास चक्र सुरू होते आणि पडद्यावरील सगळ्या रेघा एका लयीत धावू लागतात.

त्या क्षणी वऱ्हाडातून आलेली एखादी बाई टेबलावरून म्हणते, “हेच होते जी मले, हेच!” इतकी वर्षे ज्याला मनाचा खेळ म्हटले गेले, ते आता चार ठिकाणांहून मोजलेले, वेळेसह नोंदलेले सत्य असते. त्या नोंदीखाली तंत्रज्ञ नाव लिहितो, तारीख लिहितो, वेळ लिहितो. एखाद्या माणसाचे म्हणणे खरे होते याची अशी लेखी साक्ष देणारे व्यवसाय फार थोडे असतील.

एक शब्द : ‘बंद’

आडवाट सापडली की ती बुजवायची असते. पूर्वी यासाठी छाती उघडावी लागे. नळीवाटे उपचार करण्याचा मार्ग 1982 मध्ये खुला झाला. प्रारंभी त्यासाठी जोरदार विद्युत्-झटका वापरीत. त्याच दशकाच्या अखेरीस रेडिओ-लहरींची सौम्य उष्णता आली आणि उपचार सुरक्षित झाला. नळीचे टोक त्या जागी टेकवून उष्णता दिली जाते. पेशींचे तापमान सुमारे 50 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यांची वीज वाहण्याची शक्ती कायमची जाते. वर सांगितलेल्या प्रकारात शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रुग्ण एका बैठकीत बरे होतात.

परंतु त्यात एक धोका आहे. मंद आडवाट आणि मधली मुख्य गाठ यांत अंतर असते अवघ्या काही मिलिमीटरांचे. हृदय प्रत्येक ठोक्याबरोबर हलत असते, रुग्ण श्वास घेत असतो. उष्णता मुख्य गाठीला लागली, तर वरचा आणि खालचा कप्पा यांतील संपर्क तुटतो आणि रुग्णाला आयुष्यभर पेसमेकरवर राहावे लागते. अनुभवी हातांत असे शंभरांत एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळा घडते. ते इतके कमी घडते, यामागे डॉक्टरांच्या हाताइतकीच तंत्रज्ञाची नजर असते.

उष्णता सुरू होताच, जागा योग्य असेल तर, गाठीच्या परिसरातून काही आपसूक ठोके उमटू लागतात. ते शुभचिन्ह मानतात. मात्र त्यांतील प्रत्येक ठोका उलटा वर पोहोचला पाहिजे. एकही ठोका वर गेला नाही, किंवा वरून खाली येण्याचा वेळ लांबू लागला, तर त्याचा अर्थ एकच : मुख्य गाठीला झळ बसते आहे. त्याच ठोक्याला ऊर्जा थांबली पाहिजे. डॉक्टरांचा हात नळीवर असतो आणि लक्ष तिच्या टोकाच्या स्थितीवर. रेघांवर अखंड डोळा ठेवणारा आणि ऊर्जेच्या यंत्रापाशी बसलेला बहुधा तंत्रज्ञ असतो. सुव्यवस्थित प्रयोगशाळेत ‘बंद’ हा शब्द ज्याला प्रथम दिसेल त्याने उच्चारायचा असतो. तेथे ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद पाळत नाहीत. दोन मिनिटे उष्णता चालू असताना घशाला कोरड पडली तरी तो पाण्याच्या बाटलीकडे पाहत नाही. शंभर वेळा काहीही घडत नाही आणि एकशे एकाव्या वेळी घडते. त्या शंभर वेळांतही नजर तेवढीच जागी असावी लागते, हे या कामातील खरे कष्ट आहेत.

समय आणि प्रमाद

जैन कालगणनेत काळाच्या अविभाज्य अशा सर्वांत सूक्ष्म अंशाला ‘समय’ म्हणतात. डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात असंख्य समय होऊन जातात, असे आचार्य समजावून सांगतात. याच गणनेत सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त होतो. म्हणजे 48 मिनिटांच्या मुहूर्तात 3773 उच्छ्वास. भागाकार केला तर मिनिटाला सुमारे 78 येतात आणि निरोगी माणसाच्या विसाव्यातील नाडीशी तो आकडा जवळपास जुळतो. याला आधुनिक विज्ञानाचा पुरावा म्हणून मिरवण्याचे कारण नाही. मात्र ज्या परंपरेने काळ मोजताना सूर्य-चंद्राबरोबर स्वस्थ माणसाचा श्वासही माप म्हणून घेतला, त्या परंपरेत वाढलेल्या मुलीला मिलिसेकंदांच्या खोलीत फारसे परके वाटू नये.

याहून महत्त्वाचा शब्द आहे ‘प्रमाद’. श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययन सूत्राचे दहावे अध्ययन भगवान महावीरांनी गौतमस्वामींना केलेल्या उपदेशाचे आहे आणि एका समयाचाही प्रमाद करू नये, हे त्याचे सार आहे. दिगंबर आणि श्वेतांबर दोहोंना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या येते, तिच्या केंद्रस्थानीही प्रमादच आहे. प्रमत्त प्रवृत्तीने प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा, असा तिचा आशय. ही व्याख्या आपण स्वाध्यायात अनेकदा ऐकतो आणि ती पाणी गाळणे, धान्य निवडणे, रात्री दिवा उघडा न ठेवणे येथपर्यंत नेतो. ते योग्यच आहे. परंतु व्याख्येचा रोख त्याहून दूर जातो. ज्याच्या हाती दुसऱ्याचा प्राण आहे, त्याचे दुर्लक्ष ही हिंसेची सुरुवात आहे. तसे असेल, तर पडद्यावरील रेघेवरून नजर न काढणे ही अहिंसेची कृती ठरते. साधू चालताना जी यतना पाळतात, चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, तिचेच हे गृहस्थाश्रमातील, वेतन घेऊन केलेले रूप आहे. वेतन घेतल्याने त्याचे मोल उणावत नाही.

पहिला कागद वऱ्हाडात निघतो

अशा विद्युत्-उपचारांसाठी आपल्या भागातील अनेक रुग्णांना नागपूरची वाट धरावी लागते. अमरावतीहून सुमारे 150 किलोमीटर, अकोल्याहून सुमारे 250. रस्ता आता चांगला आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे वाचकांना आठवत असेल. तरीही धडधडीचा दौरा त्या रस्त्यापेक्षा वेगवान असतो. बडनेरा येण्यापूर्वीच तो ओसरतो आणि मोठ्या डॉक्टरांसमोर रुग्ण पुन्हा निरोगी होऊन उभा राहतो.

म्हणून या साऱ्या साखळीतील पहिली कडी नागपूरची अद्ययावत प्रयोगशाळा नाही. ती आहे अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या रुग्णालयात, तालुक्याच्या दवाखान्यात रात्री अकराला ड्युटीवर असलेला ईसीजी तंत्रज्ञ. दौरा चालू असताना त्याने बारा लीडचा पूर्ण ईसीजी काढला, तर त्या एका कागदावरून पुढच्या डॉक्टरांना विकाराचा प्रकार बऱ्याच अंशी कळतो. तो कागद नसेल, तर पुढचे सारे अंदाजावर चालते.

या कामी असलेल्या आपल्या तरुण वाचकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. धडधडीचा रुग्ण आला आणि त्याची प्रकृती थोडा अवधी देत असेल, तर औषधाच्या इंजेक्शनपूर्वी बारा लीडचा ईसीजी निघालाच पाहिजे. आणि अॅडेनोसिन देताना यंत्र बंद करू नये, कागद सरकत राहू द्यावा. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते. लय तुटते कशी, कोणत्या ठोक्यावर तुटते, यातच निदानाची किल्ली असते आणि ती पुन्हा मिळत नाही.

कुटुंबीयांसाठीही थोडे सांगणे आहे. दौऱ्यात काढलेला ईसीजी मागून घ्यावा, त्यावर नाव, तारीख आणि वेळ आहे का ते पाहावे. हा कागद उष्णतेने उमटणारा असतो. कपाटात वर्षभर राहिला की अक्षरे फिकी होत होत पुसली जातात. त्यामुळे त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलमध्ये स्पष्ट छायाचित्र ठेवावे. दौरा नसतानाचा जुना ईसीजीही फेकू नये; काहींच्या आडवाटेची खूण शांत हृदयाच्या ईसीजीतसुद्धा दिसते. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा श्वास लागला, तर मात्र कागदाचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि घरातील स्त्रीने “धडधडते” म्हटले, तर उपदेशापूर्वी तिच्या मनगटावर बोटे ठेवून घड्याळ पाहावे. मिनिटाची नाडी मोजण्यास एकच मिनिट लागते.

शिक्षण, नियम आणि अडचणी

आता पालकांच्या व्यावहारिक प्रश्नांकडे वळू. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असलेल्या विद्यार्थ्यांना नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा ‘बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी’ हा पदवी अभ्यासक्रम खुला आहे. तीन वर्षे अध्ययन आणि एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी, असे त्याचे स्वरूप. त्यात कार्डिऑलॉजी आणि कॅथलॅब अशा शाखा आहेत. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा आणि किती जागा, हे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहावे. ऐकीव माहितीवर शुल्क भरू नये. पदवीनंतर विद्युत्-तपासणीचे काम प्रयोगशाळेतच, ज्येष्ठांच्या शेजारी बसून शिकावे लागते. पुढे इच्छा असल्यास या विषयाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षाही देता येते. केंद्राने 2021 मध्ये केलेल्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात हृद्-तंत्रज्ञांचा समावेश आहे. ज्या कामाला कालपर्यंत केवळ ‘डॉक्टरांचा मदतनीस’ म्हणत, त्याला आता कायद्याने स्वतंत्र व्यवसायाचे नाव मिळाले आहे.

अडचणीही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. क्ष-किरणांपासून बचावासाठी शिशाचा जड अॅप्रन घालून तासन्‌तास उभे राहावे लागते. पाठीचे दुखणे या क्षेत्रात सर्रास आढळते. मुलींच्या पालकांना किरणोत्साराची विशेष धास्ती असते. तिला आधार आहे, पण तिला उपायही आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला लावायचा असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 ही मर्यादा घालून दिली आहे. गर्भवती कर्मचारी स्त्रीने ते कळवताच गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्टची अधिक कडक मर्यादा लागू होते. मुलाखतीच्या वेळी वेतनाइतकाच निःसंकोचपणे बिल्ल्याविषयी प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर जेथे टाळले जाईल, ती नोकरी टाळावी.

आपल्या घरांतील एक खास प्रश्नही आहे. गुंतागुंतीचा उपचार चार-पाच तास चालतो आणि सूर्यास्त कधी झाला हे त्या बंद खोलीत कळतही नाही. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यांनी काय करावे? ज्यांनी हा नियम आणि हे काम दोन्ही पाळायचे ठरवले, त्यांना दुपारी चारलाच डबा उघडण्याची सवय लावावी लागते, आणि सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवले तर तेवढी दहा मिनिटे बहुधा मिळतात. ज्या दिवशी ती मिळणार नाहीत, त्या दिवशी उपाशी राहावे लागेल. उपचार अर्धा सोडून उठता येणार नाही. हा निर्णय ज्याने त्याने, आपल्या गुरूंशी बोलून, कामावर रुजू होण्यापूर्वी करावा. टेबलावर रुग्ण असताना तो करण्याची वेळ येऊ नये. तीच गोष्ट पर्युषणातील उपवासांची. उपवासाने ज्याची नजर जड होते, त्याने त्या दिवसांत रजा घ्यावी किंवा ऊर्जेच्या यंत्रापासून दूरचे काम मागून घ्यावे. स्वतःच्या तपाचा भार दुसऱ्याच्या हृदयावर पडू नये, एवढा विवेक तपातच अभिप्रेत आहे.

आता ‘होऊ द्यावे का’ या मूळ प्रश्नाचे उत्तर. मुलगी चंचल असेल, कौतुकावाचून काम करता येत नसेल, तर नको. या खोलीत टाळ्या वाजत नाहीत आणि रुग्ण घरी जाताना आभार बहुधा डॉक्टरांचे मानतो. पण एखादी गोष्ट शंभर वेळा तपासण्याचा तिला कंटाळा येत नसेल, चूक दिसली तर ज्येष्ठांसमोरही ती नम्रपणे आणि वेळेवर बोलू शकत असेल, तर निःशंकपणे होऊ द्यावे. प्रवेशापूर्वी एखाद्या प्रयोगशाळेत परवानगी घेऊन तिला एक दिवस काचेपलीकडे बसवून आणावे. तेथे चार तास बसल्यावर तिला कंटाळा आला की उत्सुकता वाढली, याचे उत्तर पालकांना तिच्या चेहऱ्यावरच मिळेल.

आणि पुढे विवाहासाठी बायोडाटा लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा ‘मेडिकल फील्ड’ असे मोघम लिहून खरे काम झाकू नये. ‘हृद्-विद्युत् तंत्रज्ञ’ असे स्पष्ट लिहावे. समोरच्यांनी विचारले, की हे काय असते, तर सांगावे : एखाद्याचे हृदय वाचवताना ज्याने क्षणभरही नजर हलवायची नसते, त्याचे हे काम आहे.

जय जिनेंद्र.